खलाशाचा चाकू : ऑर्डरीच्या कामाचा एक पाठ



विळा, कोयता, कुऱ्हाड, वखराची पास, बैलगाडीची धाव ही खानदेशातील लोहाराची पिढ्यान्‌पिढ्यांची कामे. ट्रॅक्टर आला, बैलगाडीला रबरी टायर बसले, कारखान्यात छापून काढलेले विळे आठवडे बाजारात आले, तसे भट्टीचे काम हंगामापुरते उरले. कारखान्याच्या विळ्याशी भावाची स्पर्धा करून हाताने काम करणारा जिंकणार नाही, हे आता सर्वांना कळून चुकले आहे. मग हाताच्या हुन्नराला दाम कोठे मिळेल? जेथे वस्तू एकाच माणसासाठी, त्याच्या कामाप्रमाणे करून द्यावी लागते तेथे. या कामालाच आपण ऑर्डरीचे काम म्हणतो.

आज एक वस्तू घेऊन या कामाचा अभ्यास करू. ती म्हणजे लाकडी मुठीचा, हाताने घडवलेला, जहाजावरच्या माणसाचा चाकू.

समजा, भुसावळचा एक तरुण मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. सुट्टीवर आलेला असताना तो नशिराबादला एका लोहाराच्या भट्टीवर येतो आणि म्हणतो, "चाचा, मला दोर कापायचा चाकू करून द्या. मूठ लाकडाची पाहिजे. कारखान्याचा नको." आपला कारागीर भाता थांबवतो आणि म्हणतो, "देतो बेटा, पाचशे रुपये दे. जुम्म्याला घेऊन जा."

या एका उत्तरात दोन चुका आहेत. गिऱ्हाइकाचे काम न विचारता होकार दिला, ही पहिली. हिशेब न करता भाव सांगितला, ही दुसरी. संपूर्ण पाठ या दोन चुकांवरच आहे.

समुद्र लांब आहे, मग?

कोणी म्हणेल, नशिराबाद कोठे आणि समुद्र कोठे! जळगावहून मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरांहून जास्त आहे. पण जगात चाकूसाठी नावाजलेली गावे पाहा. इंग्लंडमधील शेफील्ड समुद्रकाठी नाही, तरी इंग्रज खलाशांच्या खिशात शेफील्डचेच चाकू असत. जर्मनीतील झोलिंगेन समुद्रकाठी नाही. स्वीडनमधील मोरा हे गाव तळ्याकाठी, देशाच्या आतल्या भागात आहे. तेथे १८९१ पासून चालत आलेल्या कारखानदारीचे लाकडी मुठीचे साधे चाकू जगभर जातात. आपल्याकडे कच्छमध्ये भूजजवळ मोटा रेहा आणि नाना रेहा ही दोन गावे चाकू व सुडी यांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि तेथे हे काम प्रामुख्याने मुस्लिम लोहार करतात.

हुन्नर बदलत्या काळाप्रमाणे वळवता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मिरजेचे शिकलगार हे शस्त्रांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे कारागीर. संस्थानी फौजांचे दिवस सरले, तलवारीचे काम संपत आले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचे आणि मग घडवण्याचे काम हाती घेतले. आज मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर मानाने वाजतो. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांनी गाव सोडले नाही. गवयाला काय हवे आहे ते ते शिकले. धडा घ्यायचा तो हाच.

आधी काम विचारा

तर त्या तरुणाला लोहाराने काय विचारावे?

१. कोणता दोर कापायचा? काथ्याचा, सुती, की नायलॉनचा? किती जाड?
२. चाकू कमरेला राहणार की पेटीत?
३. उजवा हात की डावा? हातात मोजे घालून काम करता का?
४. गाठी सोडवण्याचे, दोराचे पीळ उकलण्याचे काम पडते का?
५. धार लावता येते का? पाते पुसून तेल लावण्याची सवय आहे का?

ही पाच उत्तरे मिळाली की चाकूचा आकार जवळजवळ ठरतो. दोर कापण्याच्या चाकूची धार सरळ असते. पाठ पुढे येऊन उतरते आणि धारेला मिळते, त्यामुळे टोक बोथट राहते. मेंढीच्या खुरासारखा हा आकार दर्यावर्दी लोकांनी मुद्दाम ठरवलेला आहे. जहाज हलत असते, पाय घसरतो. टोकदार चाकू हातात असेल तर तो शेजारच्याच्या अंगात किंवा शिडात शिरतो. धार सरळ असल्याने दोर फळीवर ठेवून वरून दाबला की तो एका दमात तुटतो. दोर फार जाड असेल तर पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोकतात, म्हणून पाठ सपाट आणि जाड हवी.

माप साधारण असे ठेवावे : पाते चार इंच, पाठीची जाडी साडेतीन ते चार मिलिमीटर, रुंदी एक इंचाच्या थोडी वर. मूठ साडेचार इंच. पाते मुठीत मिटणारे नको, कायमचे बसवलेले हवे. याचे कारण जीवाशी निगडित आहे. सुटलेल्या दोराचा फास पायात अडकला आणि दोर ताणाखाली गेला तर चाकू एका हाताने, क्षणात बाहेर यावा लागतो. दोन हातांनी उघडायचा चाकू तेथे उपयोगाचा नाही.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर सोबत एक लोखंडी टोच्या द्यावा : पाच इंच लांब, गोल, हळूहळू निमुळता, टोक गुळगुळीत. टोच्या दोराच्या पिळांत शिरला पाहिजे, तंतू तुटता कामा नये. म्यानात दोन कप्पे करून चाकू आणि टोच्या शेजारी ठेवावे. कारखान्याच्या चाकूत न मिळणारी गोष्ट ती हीच.

पोलाद कोणते?

नशिराबाद राष्ट्रीय महामार्गावर आहे, त्यामुळे ट्रकच्या कमानीचे पाटे भंगारात सहज मिळतात. विळे-कोयते आपण त्याचेच करतो. पोलाद चांगले आहे, पण जुन्या पाट्यात लाखो हादऱ्यांनी बारीक तडे गेलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पाणी देताना उघडतात. गावच्या विळ्याला हा धोका चालतो, कारण विळा बदलून देता येतो. समुद्रावर गेलेला चाकू बदलून देता येत नाही. म्हणून ऑर्डरीच्या कामाला त्याच जातीच्या पोलादाची नवी पट्टी विकत घ्यावी आणि तिचे बिल जपून ठेवावे.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट स्पष्ट सांगावी : हे पोलाद गंजते. खाऱ्या हवेत लवकर गंजते. रोज पुसून तेलाचा हात फिरवावा लागेल. न गंजणारे पोलाद मिळते, पण त्याला पाणी देण्यासाठी हजार अंशांच्या पुढची, मोजून धरलेली उष्णता लागते, जी कोळशाच्या भट्टीत नीट साधत नाही. ज्याला न गंजणारेच पाते हवे त्याचे काम स्वीकारू नये, किंवा पाण्याचे काम बाहेरच्या भट्टीतून करून घ्यावे आणि तसे सांगावे. मालाचा ऐब आधी सांगून विकलेल्या वस्तूचे गिऱ्हाईक परत येते. ऐब लपवला तर तक्रार येते, बरकत येत नाही.

पाणी देणे

घडाई आपल्या हाताला ठाऊक आहे. चूक होते ती पाणी देताना. संध्याकाळच्या मंद उजेडात काम करावे, म्हणजे लोखंडाचा रंग खरा दिसतो. जवळ चुंबक टांगून ठेवावे. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर रंग आणखी किंचित उजळू द्यावा आणि पाते सरळ, धार खाली करून तेलात बुडवावे. पाण्यात नको. कमानीचे पोलाद पाण्यात तडकते. खाण्याचे साधे तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलेले असावे. थंड तेल घट्ट असते आणि उष्णता हळू ओढते.

तेलातून काढल्यावर कानस फिरवून पाहावी. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी बसले. पण हे पाते आता काचेसारखेच ठिसूळ असते. ते लगेच घासून पांढरे करावे आणि दोनशे अंशांच्या आसपास तास-दीड तास तापवून थंड करावे, मग पुन्हा एकदा तसेच. घरच्या ओव्हनमध्ये हे काम होते. पात्यावर गव्हाळ पिवळा रंग आला म्हणजे उतरण बरोबर झाली. पुढे धार काढताना मशीनवर पाते निळे पडले तर त्या जागचे पाणी उतरले असे समजावे. म्हणून पाते उघड्या हाताने धरावे. हाताला चटका बसू लागला की पाण्यात बुडवावे.

परीक्षा दोन कराव्यात. पितळेच्या सळईवर धार अलगद दाबून पुढे न्यावी. धार किंचित वाकून पूर्वस्थितीत आली तर उत्तम. वाकलेलीच राहिली तर पाते मऊ आहे, कपरी उडाली तर कडक आहे. दुसरी परीक्षा खऱ्या कामाची. गिऱ्हाइकाने सांगितला तोच दोर आणून तो पन्नास वेळा कापावा आणि मग कागद कापून पाहावा. नायलॉनच्या दोरावर आरशासारखी घोटलेली धार घसरते. तिला बारीक दगडाची थोडी खरखर ठेवलेली बरी.

मूठ

लाकडाच्या बाबतीत खानदेशचा कारागीर श्रीमंत आहे. सातपुड्याचा साग आहे, अंजन आहे, बाभूळ आहे. समुद्रावरच्या मुठीला साग सर्वांत योग्य. सागात स्वतःचे तेल असते. तो पाण्याने फारसा फुगत नाही आणि ओल्या हातातून निसटत नाही. जहाजाच्या फळ्या सागाच्या करत, त्याचेही कारण हेच. अंजन जड आणि फार टणक आहे. मूठ देखणी होते, पण भोक पाडताना घाई केली तर चिरते. शिसम सुंदर दिसते, परंतु परदेशी पाठवायचा माल असेल तर जपावे. २०१७ पासून शिसमाच्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत. किती मालाला सूट आहे आणि कोणता कागद लागतो हे आधी विचारून घ्यावे. सागाला हे बंधन नाही.

लाकूड वखारीतून पावती घेऊन आणावे. लाकूड-मिलमध्ये पडणारे सागाचे तुकडे मुठीला पुरतात. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. ओल्या लाकडाची मूठ दोन महिन्यांत पात्यापासून सुटते आणि त्या फटीत खारे पाणी शिरते.

पात्याची शेपूट मुठीच्या आकाराएवढीच लांब-रुंद ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फाका बसवाव्यात. रिपीट पितळेचे किंवा तांब्याचे घ्यावेत. लोखंडी रिपीट गंजून फुगतात आणि लाकूड फोडतात. लाकूड बसवण्यापूर्वी शेपटीला दोन नळ्यांचा चिकट मसाला सगळीकडे लावावा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. मुठीच्या शेवटी पितळेची नळी बसवून भोक ठेवावे. त्यातून दोरी ओवून चाकू कमरेला बांधता येतो. समुद्रात पडलेला चाकू सापडत नाही.

मुठीला वार्निश लावू नये, ते ओल्या हाताला निसरडे होते. जवसाचे तेल तीन-चार वेळा चोळावे, मध्ये एक एक दिवस वाळू द्यावे. एक सावधगिरी : जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

म्यान

म्यानासाठी गावातल्या चामड्याच्या कारागिराला सोबत घ्यावे. त्याला काम मिळते आणि आपला माल पूर्ण होतो. म्यान खोल हवे, अर्धी मूठ आत जाईल एवढे, म्हणजे चाकू आपोआप निसटत नाही. खाली पाणी निथळायला भोक ठेवावे. चाकू महिनोन्‌महिने ओल्या म्यानात ठेवू नये, हे गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून द्यावे.

हिशेब

आता त्या पाचशे रुपयांकडे येऊ. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून पाहावेत.

पोलाद १५० रुपये, लाकूड व पितळ १००, कोळसा व वीज १२०, घासपट्टे व चिकट मसाला १३०, चामडे १५०, पेटी व टपाल १५०. माल एकूण ८०० रुपये.

वेळ : घडाई २ तास, आकार काढणे ३, पाणी देणे १, मूठ ३, म्यान २, धार, परीक्षा व गिऱ्हाइकाशी बोलणे १. एकूण १२ तास. तासाला १२५ रुपये धरले तर मजुरी १५०० रुपये.

झाले २३०० रुपये. पण सहा पात्यांत एक पाणी देताना जाते असे धरा. त्या पात्यात सहा तास आणि पोलाद-कोळसा मिळून सुमारे १००० रुपये बुडाले. ते उरलेल्या पाच चाकूंवर वाटले तर प्रत्येकी २००. हत्यारांची झीज आणि दुकानभाडे २०० धरा. आता २७०० झाले. व्यवसाय वाढवण्यासाठी ३०० ठेवले की भाव ३००० रुपये होतो.

पाचशे सांगणाऱ्या कारागिराने बारा तास राबून मालाचेच तीनशे रुपये पदरचे घातले. आपल्या घराघरांत हेच घडते, आणि मग मुलगा म्हणतो, "अब्बा, या धंद्यात काही राहिले नाही." दोष धंद्याचा नसतो. मजुरी आपण स्वतःच हिशेबात धरत नाही, त्यामुळे ती कोणी देत नाही.

बोली लिहून घ्या

ऑर्डरीच्या वहीत पाच गोष्टी असाव्यात : गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता, चाकूचे माप व रेखाटन, पोलाद व लाकूड, भाव व बयाणा, देण्याची तारीख. खाली दोघांच्या सह्या. बयाणा निम्मा घ्यावा, कारण एकाच्या हाताच्या मापाचा चाकू दुसरा घेत नाही. फिक्हमध्ये अशा कराराला 'इस्तिस्ना' म्हणतात. वस्तू अजून अस्तित्वात नसतानाही तिचा सौदा होऊ शकतो, पण तिची जात, माप आणि गुण आधी स्पष्ट ठरलेले असले पाहिजेत. तसे ठरले की भांडणाला जागा राहत नाही.

कायद्याची बाजू

ही बाजू आपल्या कारागिरांनी विशेष जपावी. भट्टीवर तयार चाकू दिसले की प्रश्न विचारले जातात, आणि उत्तर कागदावर असले पाहिजे. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असलेले चाकू शस्त्रांत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपला चाकू चार इंचांचा, बोथट टोकाचा, कामाचे हत्यार आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतात तेव्हा असा माल उघड्यावर नेऊ नये. बटण दाबून उघडणारे चाकू कोणी कितीही पैसे देऊ केले तरी करू नयेत. ऑर्डरीची वही, पोलादाचे बिल आणि विक्रीची पावती भट्टीवरच ठेवावी. विमानाने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला चाकू हातातल्या पिशवीत नेता येत नाही हे सांगावे.

गिऱ्हाईक कोठे आहे?

खरे बोलावे तर मिरकरवाड्याच्या किंवा ससून डॉकच्या बोटीवरचा खलाशी तीन हजारांचा चाकू घेणार नाही. त्याला स्वस्त चाकू पुरतो. आपले गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी जहाजांवरचे अधिकारी, शिडाच्या नौका चालवणारे हौशी लोक, आणि हाताच्या कामाची कदर असणारे संग्राहक. शिडाचे आणि दोराचे काम संपलेले नाही. २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. २०२५ साली काथ्याच्या दोराने फळ्या शिवलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज नौदलात आले. कोकणातील मुस्लिम घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तांडेल, सारंग आणि खलाशी जहाजांवर गेले आहेत. त्या घरांशी आपली ओळख असेल तर पहिला चाकू तेथे दाखवावा.

हत्यारांसाठी मदतही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आणि हत्यारे बनवणारे हे दोन्ही व्यवसाय आहेत, आणि पात्र कारागिराला अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ही रक्कम कर्जात मोडत नाही.

या आठवड्याचा अभ्यास

चाकू करायला लगेच बसू नका. आधी एक वही घ्या. गेल्या महिन्यात ऑर्डरीने केलेले एखादे काम आठवा : विळा असो, कुलूप असो, दाराची कडी असो. त्याला लागलेला माल लिहा, लागलेले तास लिहा, आणि मिळालेले पैसे लिहा. मग तासाला किती पडले ते काढा. तो आकडा मुलालाही दाखवा.

आणि भुसावळचा तो तरुण जेव्हा येईल तेव्हा त्याला बसायला सांगा, चहा मागवा आणि विचारा, "बेटा, दोर कोणता कापतोस?" भाव त्यानंतर सांगा.